सिस्टर, तुलना कोणाशी करतेस?

आमच्या वस्तीतली मुलगी जीएनएम करून नगरच्या दवाखान्यात लागते, तेव्हा घरातला पहिला बांधील पगार बहुधा तिचाच असतो. वर्षभरात तीच मुलगी रात्री फोन करून रडते. तक्रार पेशंटची नसते. "ती लागोपाठ नाइट करते, हूं की चूं नाही. मीच कमी पडते." या वाक्याला आमच्या मुलींच्या बाबतीत आणखी एक शेपूट असते: थकलेली दिसले तर म्हणतील, कोट्यातली आहे. म्हणून ती ताप अंगावर काढते आणि दुसरीची ड्युटीही ओढते.

याला मनाचा कमकुवतपणा म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. (झोप उडाली असेल तर डॉक्टरकडे जावेच, त्यात लाज कसली?) वॉर्डात एक कायम सिस्टर, तिच्याखाली कंत्राटी, तिच्याखाली एजन्सीची. काम एकच, पगार वेगळे. बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती हीच. प्रत्येकीची नजर शेजारणीवर, म्हणून वर कोणीच बघत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार आयसीयूत एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. तुलना करायचीच तर या आकड्याशी करा.

६ नोव्हेंबर २०२१ नगर विसरलेले नाही. जिल्हा रुग्णालयाच्या कोविड आयसीयूत आग लागली, ११ रुग्ण गेले. त्या कुटुंबांना न्याय हवाच. पण तीन दिवसांनी अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. चौकशी समितीचा अहवाल तेव्हा यायचाच होता. इमारतीची अग्निसुरक्षा हे काय सिस्टरचे काम आहे? कोण किती नाइट मुकाट्याने करते, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही.

मे २०२२ मध्ये एजन्सीमार्फत भरतीविरुद्ध राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या. त्यात कायम नोकरीवाल्या होत्या, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. स्वतःची खुर्ची पक्की असूनही त्या उतरल्या. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. आज खासगी दवाखान्यात बारा-बारा तास उभी राहणारी आमची मुलगी मात्र स्वतःलाच आळशी म्हणते.

या महिन्याचा ड्युटीचा तक्ता वहीत उतरवून ठेवा. रविवारी विहारात बसू आणि आधी तास मोजू.