तोंडओळखीची माणसं

बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत दिवाळीच्या सुमारास वर्गणी निघे. दहा-पंधरा जणांनी मिळून तितकेच दिवाळी अंक घ्यायचे, वहीत नावे लिहायची आणि मग ते अंक होळीपर्यंत टेबलांवरून फिरत राहायचे. ‘झाला का वाचून?’ एवढ्यावर हिशेब खात्यातला कारकून आवक-जावकवाल्याशी बोलू लागे. मैत्री म्हणावी असे त्यात काही नव्हते. तोंडओळख, एवढेच.

या तोंडओळखीचा हिशेब अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडला. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, खबर देणारा तुम्हाला त्या काळात कितीदा भेटायचा? ‘नेहमी’ म्हणणारे निघाले जेमतेम 17 टक्के. बाकीच्यांना ती अधूनमधून, नाहीतर क्वचितच दिसणाऱ्या माणसाने दिली होती. जिवलगांना जे ठाऊक, ते बहुधा आपल्यालाही ठाऊकच असते.

घरून काम सुरू झाले आणि नेमका हाच धागा विरला. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील 61 हजारांवर कर्मचाऱ्यांच्या 2020 मधल्या पहिल्या सहा महिन्यांतील ईमेल, संदेश आणि बैठकांचा अभ्यास पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. दुसऱ्या गटांतल्या लोकांबरोबरच्या कामाचा वाटा सुमारे एक चतुर्थांशाने घटला होता. गटातल्या गटात वीण उलट घट्ट झाली. पडद्यावरच्या बैठकीला विषयपत्रिका असते, जिना नसतो.

म्हणून लगेच कचेरीचे गोडवे गायला नकोत. विरार लोकलमध्ये एका पायावर उभे राहिलेल्याला त्या गर्दीची ओढ कशी असेल? हिंजवडीच्या कोंडीतून वाचलेले तासही खरेच.

पण लोकलमधल्या बायकांच्या डब्यात डोकावले की हिशेब अवघड होतो. तिथे भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते, दसऱ्याला डबा सजतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1959 च्या पुस्तकात माणसाच्या वागण्याला रंगमंच आणि विंग अशा दोन जागा दिल्या. ऑफिसात साहेब आणि घरी सासर असलेल्या बाईची विंग म्हणजे हा प्रवासाचा तास-दीड तास. लॅपटॉप ओट्याशेजारी आला, की दोन्ही रंगमंच एकाच खोलीत मांडले जातात. विंगेला जागाच उरत नाही.

आता बऱ्याच कंपन्यांत आठवड्यातून दोन-तीन दिवस हजेरी लागते. मंगळवारी येणाऱ्यांची गुरुवारवाल्यांशी गाठ पडतेच असे नाही. अशा ठिकाणी वर्गणी निघालीच, तर अंक मधले दिवस कुणाच्या तरी खणात पडून राहणार.