खेळाडू घडवले कोणी आणि मोजले कोणाच्या नावावर?

अमेरिकेत दरवर्षी एप्रिलमध्ये एनएफएलचा ड्राफ्ट होतो. व्यावसायिक फुटबॉलचे ३२ संघ विद्यापीठांतून खेळून आलेल्या तरुणांतून आपले खेळाडू निवडतात. ड्राफ्ट संपला की लगेच हिशेब मांडला जातो : कोणत्या कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या कोणत्या गटाचे, किती खेळाडू निवडले गेले? ज्याचा आकडा मोठा तो गट श्रेष्ठ, असा निकाल दिला जातो. आमचा आक्षेप या निकालाला आहे.

आधी आकडेच तपासू. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये एकूण २५७ खेळाडू निवडले गेले. त्यांत दक्षिणेकडील विद्यापीठांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे, म्हणजे एसईसीचे, ७९ आणि बिग टेनचे ७१. निम्म्याहून अधिक खेळाडू या दोन गटांचेच! वरवर पाहता फरक फक्त आठचा. पण एसईसीत १६ विद्यापीठे आहेत आणि नाव ‘टेन’ असूनही बिग टेनमध्ये १८. दर विद्यापीठामागे पाहिले तर एसईसीचे जवळपास पाच येतात, बिग टेनचे चारही भरत नाहीत. त्यातही बिग टेनचे १४ खेळाडू एकट्या ओहायो स्टेटचे. ते वगळले तर उरलेल्या १७ विद्यापीठांची सरासरी साडेतीनच्याही खाली जाते. म्हणजे एकाच्या पुण्याईवर सगळा गट मिरवतो.

आता दुसरी गोष्ट. एसईसीच्या ७९ मध्ये टेक्सास विद्यापीठाचे १२ आहेत. टेक्सास या गटात आले २०२४ च्या जुलैमध्ये. त्याआधी ते बिग ट्वेल्व्हमध्ये होते. ज्या गटात एकच हंगाम खेळले, त्या गटाने हे खेळाडू ‘घडवले’ असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? बिग टेनने पश्चिम किनाऱ्यावरची ओरेगनसारखी विद्यापीठे अशीच आपल्यात घेतली. याला घडवणे म्हणत नाहीत, गोळा करणे म्हणतात. आपल्याकडे यालाच आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

पण खरा प्रश्न याहून जुना आहे. आज एसईसीचा डोलारा फार मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय खेळाडूंच्या खांद्यावर उभा आहे. याच एसईसीत १९६७ पर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात पाऊल ठेवता आले नव्हते. त्या वर्षी केंटकीच्या नेट नॉर्थिंग्टनने ती भिंत ओलांडली. जॉर्जिया, एलएसयू आणि ओले मिस यांच्या मुख्य संघांत कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९७२ उजाडले.

मग तोवर दक्षिणेत गुणवत्ता नव्हती का? होती, पण ती दुसऱ्या अंगणात होती. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद असताना उभी राहिलेली कृष्णवर्णीयांची विद्यापीठे ती घडवत होती. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंगमध्ये एडी रॉबिन्सन १९४१ पासून १९९७ पर्यंत प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखालून दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक डग विल्यम्स त्यांचाच विद्यार्थी. वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेटचा, तर जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेटचा. तुटपुंज्या पैशांत या संस्थांनी जे केले, त्याला घडवणे म्हणतात.

दारे उघडली हे न्याय्यच झाले. त्यासाठी लोकांनी लढे दिले आणि आम्ही त्या लढ्यांच्याच बाजूचे आहोत. पण दारे उघडली तेव्हा खेळाडू तेवढे आत घेतले गेले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते घडवले त्या संस्थांच्या वाट्याला ना पैसा आला, ना मान. परिणाम समोर आहे. २०२१ आणि २०२४ या दोन्ही ड्राफ्टमध्ये या विद्यापीठांतला एकही खेळाडू निवडला गेला नाही. आता कोणी तक्ता दाखवून म्हणेल की त्यांच्यात गुणवत्ताच नाही. आधी दार बंद ठेवायचे, मग घर रिकामे करायचे आणि शेवटी गुणवत्तेचा दाखला मागायचा, ही रीत आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

आणि मेहनतीचे मोल? स्टेडियम भरत होती, प्रशिक्षकांना कोट्यवधी डॉलर मिळत होते, पण २०२१ च्या जुलैपर्यंत खेळाडूला स्वतःच्या नावावर एक जाहिरात करण्याचीही मुभा नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएए या नियामक संस्थेच्या विरोधात एकमताने निकाल दिला, तेव्हा कुठे मूठ सैल झाली.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. गटांची तुलना जरूर करा, पण नीट करा. दर विद्यापीठामागे किती, हे पाहा. मुलगा आला तेव्हा कुठे होता आणि गेला तेव्हा कुठे पोहोचला, हे पाहा. शाळेतच नावाजलेला मुलगा घेऊन त्याला एनएफएलमध्ये पाठवणे आणि कोणी न विचारलेल्या मुलाला तिथवर नेणे, या दोन गोष्टी एका तराजूत बसत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ड्राफ्टच्या वयाला आलेल्या शंभर खेळाडूंपैकी जेमतेम दोघांची निवड होते. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या हाती पदवी पडली की फक्त मोडका गुडघा, याचा रकाना त्या तक्त्यात आहे का?

तो रकाना भरा. मग कोण श्रेष्ठ ते आपण बोलू.