अंगणांतील जुनी फरसबंदी

आमच्या शाळेच्या अंगणांतील सिमेंटचे ठोकळे, ज्यांस हल्लीं सर्वत्र पेव्हर ब्लॉक म्हणतात, ते काळवंडले आहेत. सांध्यांत हरळी माजली आहे, आणि पावसाळ्यांत प्रार्थनेहून वर्गाकडे जातांना मुलें घसरून पडतात. यास्तव सर्व फरसबंदी उखडून नवी घालावी व तिच्यासाठीं पालकांकडून वर्गणी गोळा करावी, अशी सूचना पुढें आली आहे. आमचें मत याच्या उलट आहे.

ठोकळा काळा पडला म्हणजे तो निकामी झाला असें नव्हे. बहुधा बिघडतो तो वरचा पातळ थर आणि सांध्यांतील वाळू. हे ठोकळे एकमेकांस चिकटविलेले नसतात. मधली बारीक वाळूच त्यांस जखडून ठेवते. ती पावसानें वाहून गेली कीं ठोकळे हलूं लागतात, पोकळींत माती शिरते व मातींत हरळी रुजते. रोग सांध्यांत असतां ठोकळे फेकून देणें हा कोणता न्याय? शिवाय सिमेंट करतांना चुनखडी भाजावी लागते, आणि जगांत माणसाच्या व्यवहारांमुळें हवेंत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकीं सुमारें ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या धंद्यांतून जातो.

उपचार साधा आहे. आधीं खुरप्यानें सांधे मोकळे करावे. मग ठोकळे भिजवून ताठ ब्रशानें शेवाळ घासून काढावें. तें फारच चिवट असेल तेथें ब्लीचिंग पावडरचें पातळ पाणी घालून थोड्या वेळानें स्वच्छ धुवावें. जोराच्या फवाऱ्याचें यंत्र भाड्यानें मिळतें, परंतु त्याची तोटी सांध्यांवर रोखली तर उरलीसुरली वाळूही उडते. संडास धुण्याचें ॲसिड मुळींच वापरूं नये. तें सिमेंट खातें, आणि ब्लीचिंगच्या पाण्यांत मिसळलें तर क्लोरीनचा विषारी वायु निघतो. अंगण कडकडीत वाळल्यावर बारीक कोरडी वाळू पसरून खराट्यानें सांध्यांत लोटावी. आठवड्यानें ती खालीं बसली कीं पुन्हां भरावी. रंग लावण्याचा मोह कित्येकांस होतो. तो रंग थोड्याच दिवसांत पोपडे धरतो आणि ओला झाला कीं अधिकच निसरडा होतो. ठोकळ्यांचा मूळचा तांबडा रंग परत येणार नाहीं, हें आधींच सांगितलेलें बरें.

पण हें काम करावयाचें कोणीं? कांहीं पालक म्हणतात, आम्ही मुलें शिकावयास पाठवितों, अंगण घासावयास नव्हे. या तक्रारीचा एक भाग न्याय्य आहे. ब्लीचिंग पावडर मुलांच्या हातीं देऊं नये. शिक्षा म्हणून कोणाच्या हातीं खराटा देऊं नये. आणि फी माफ असलेल्या मुलांकडूनच काम करवून घेणें तर लाजिरवाणें होईल. उरलेला भाग आम्हांस मान्य नाहीं. खराटा कोणीं धरावा हें आपल्या देशांत जन्मावरून ठरत आलें आहे, आणि ती चाल शाळेच्या फाटकाबाहेरच थांबते असें छातीवर हात ठेवून म्हणवत नाहीं. ख्रिस्ती मंडळींसही नाहीं. प्रभु येशू सुताराच्या घरीं वाढला, पौल तंबू करून पोट भरीत असे, हें आपण सकाळीं ऐकतों आणि दुपारीं वाळू लोटावयास शिपायाला हांक मारतों.

तेव्हां सर्व वर्गांनीं, शिक्षकांसह, पाळीपाळीनें हें काम करावें. वकिलाच्या मुलाची पाळी चुकूं नये आणि शिपायाच्या मुलीची दोनदां येऊं नये. पालकांस वर्गणी द्यावयाचीच असेल तर ती गरीब विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठीं द्यावी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर, ऊन स्थिरावलें म्हणजे, आरंभ करतां येईल. फाटकाजवळचे खचलेले दहा-बारा ठोकळे मात्र उचलावे लागतील, कारण पाण्याची टाकी घेऊन येणारी गाडी तेथेंच वळते. खालचा भराव ठोकून सपाट केला कीं तेच ठोकळे पुन्हां बसतील.