फक्त ससाच होता ना?

गोटूला जाऊन आज तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत "फक्त ससाच होता ना?" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की शेवटी लिहून मोकळं व्हायचं ठरवलं. हे म्हणणाऱ्यांपैकी निम्मे माझे नातेवाईक आहेत आणि त्यातले बरेचसे इथे येऊन वाचतात, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा मंडळी, राग मानायचा तर खुशाल माना, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी काय झालं ते सांगते. रविवार होता, घर पाहुण्यांनी भरलेलं. सात वर्षांच्या भाच्याने गोटूला काखेत हात घालून उचललं. मागचे पाय अधांतरी. मी दोन हातांच्या अंतरावर चहा गाळत होते. "सांभाळून हं" एवढंच म्हणाले. गोटूने मागच्या पायांनी जोरात लाथ झाडली, हातातून सुटला... आणि परत उभा राहिला नाही. पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत सोफ्याखाली गेला. ओरडला नाही, काही नाही. एक्स-रेमध्ये कंबरेचा मणका मोडलेला दिसला.

डॉक्टरांनी समजावलं ते मला तीन वर्षं ससे पाळूनही माहीत नव्हतं. सशाच्या मांड्यांत ताकद प्रचंड, पण हाडं अगदी हलकी. मांजराचा सांगाडा त्याच्या वजनाच्या 12-13 टक्के असतो, सशाचा जेमतेम 7-8 टक्के. मागच्या भागाला आधार न देता उचललं आणि त्याने लाथ मारली, तर स्वतःच्याच ताकदीने त्याचा कणा मोडू शकतो. पडायचीसुद्धा गरज नसते! मागच्या पायांत संवेदना उरली नव्हती, लघवी आपोआप होत नव्हती. दोन दिवस आम्ही आशा धरली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर, माझा हात त्याच्या डोक्यावर असताना, त्याला शांतपणे जाऊ दिलं.

आता मुद्द्याचं. चूक भाच्याची का? अजिबात नाही. सात वर्षांच्या मुलाला काय कळणार? चूक माझी, जी चहा गाळत राहिली. आणि चूक त्या समजुतीची, जी आपण सगळे पिढ्यान् पिढ्या जपत आलोय, की ससा हे मुलांना खेळायला द्यायचं जिवंत खेळणं आहे. कुत्र्याची जबाबदारी नको, मांजर ओरबाडतं, मग वाढदिवसाला ससा आणा! तो भुंकत नाही, चावत नाही, तक्रार करत नाही. अहो, तक्रार करत नाही कारण तो शिकार होणारा प्राणी आहे. दुखतंय हे दाखवलं तर रानात पहिला तोच खाल्ला जातो. त्याचं गप्प बसणं आपण 'गुणी आहे हो' म्हणून खपवतो.

2018 साली केंद्र सरकारने पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले. त्यात कुत्र्या-मांजरांबरोबर सशाचंही नाव आहे. आम्ही ज्या दुकानातून हे दोघे आणले तिथे पिंजरा विकला, गाजराचं चित्र असलेली खाद्याची पिशवी विकली. उचलायचं कसं, हे कोणी सांगितलं नाही. मुख्य खाणं गाजर नसून गवत असतं, हेही नाही. आणि आम्हीही विचारलं नाही. आठ-दहा वर्षं जगणारा जीव घरी आणताना आम्ही मोबाईल घेताना विचारतो तितकेही प्रश्न विचारले नाहीत.

खरी गोष्ट तर पुढे आहे. गोटूची जोडीदारीण चिंगी. आपल्या मराठीत रानातल्याला आणि पिंजऱ्यातल्याला 'ससा' हा एकच शब्द, त्यामुळे घोळ होतो. आपल्या माळरानावरचा ससा एकटा राहणारा. घरात पाळतात तो मूळचा युरोपातला, जमिनीत बिळं करून कळपाने राहणारा. त्याला सोबत लागते. गोटूला घरी आणल्यावर "तिच्या डोळ्यांआड लगेच पुरून टाका, तिला काय कळतंय" असा सल्ला एका काकांनी दिला. डॉक्टर नेमकं उलट म्हणाले होते. गोटूला चिंगीजवळ ठेवलं. तिने त्याला हुंगलं, कान चाटले, नाकाने ढकललं. तासाभराने स्वतःच बाजूला जाऊन बसली. मग आम्ही त्याला नेलं.

त्या रात्रीपासून तिने खाणं सोडलं. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं, एखादा दिवस पोटात काही गेलं नाही तरी जिवावर बेतू शकतं. सकाळी लेंड्या दिसल्या नाहीत तेव्हा पुन्हा दवाखाना. मग चार दिवस सिरिंजने थोडं थोडं भरवणं, रात्री दोनचे, पहाटे पाचचे गजर. पाचव्या दिवशी तिने आपणहून कोथिंबिरीची काडी ओढली. मी स्वयंपाकघरात बसून रडले. "तिला काय कळतंय" म्हणणाऱ्यांनी ते चार दिवस बघायला हवे होते.

"दुसरा आण, पाचशे रुपयांत मिळतो" म्हणणाऱ्यांना सांगते: आणेन कदाचित. पण तिच्यासाठी, तिची तयारी झाल्यावर, आणि हळूहळू ओळख करून देऊन. अनोळखी ससे एकदम एकत्र टाकले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. गेलेल्या जिवाची जागा भरायला बदली कामगार बोलवायचा नसतो.

आणि ज्या मावशी म्हणाल्या "इथे माणसं मरतायत आणि तू सशासाठी रडतेस", त्यांना एवढंच विचारते: मी सशासाठी रडले नसते तर ते दुःख कोणत्या माणसाच्या कामी आलं असतं? दुःख काही रेशनवर मिळत नाही, की इथे खर्च केलं तर तिकडे कमी पडेल.

भाचा परवा आला होता. दाराशीच थबकला, "मामी, मी मारलं का त्याला?" म्हणाला. त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं, नाही रे, आम्ही मोठ्यांनी तुला शिकवलं नाही. मग त्याला जमिनीवर मांडी घालून बसवलं. अर्ध्या तासाने चिंगी आपणहून त्याच्या गुडघ्यापाशी आली. त्याने हात लावला, उचललं नाही.

असो. एकच मागणं आहे. या वर्षी कोणाच्या वाढदिवसाला ससा द्यायचं मनात असेल, तर सायकल द्या.