बाळंतपणाला नव्हे, हिवाळ्याला जा

ठाकुरद्वारपासून दादरच्या रानडे रोडपर्यंत कुठल्याही ओळखीच्या घरात डोकावा, एखादी तरी बॅग अर्धवट भरलेली दिसते. लेक किंवा सून परदेशात, तिची तारीख जवळ आलेली, आणि आई तेवीस किलोच्या हिशोबात अडकलेली. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सुंठ, जुन्या सुती साड्यांची दुपटी, टोपरी. कधी निघणार विचारलं की उत्तर ठरलेलं, "नववा लागला की."

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. तिकडे थंडी असेल तर नववा लागेपर्यंत थांबू नये.

पटायला अवघड वाटेल, पण आपली रीत तरी काय होती? पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी यायची. ओटी भरली, डोहाळजेवण झालं, की सासरची घागर आणि चूल सुटायची. लाडू नंतरचे. शेवटचे जड महिने तिला वाकायला, उचलायला, एकटीने जिने चढायला लागू नयेत, ही त्यातली खरी मेख होती. आता ती माहेरी येऊ शकत नाही. नोकरी असते, डॉक्टर तिकडचा, आणि छत्तीस आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या घेतच नाहीत. मग माहेरानेच सातव्यात तिच्याकडे जायला हवं. आपण मात्र रीतीतला अर्धा भाग तेवढा उचलला, बाळ झाल्यानंतरचा!

माझी भाची टोरोंटोला असते. तिची तारीख फेब्रुवारीअखेरची होती. डिसेंबरात तिथे पावणेपाचला अंधार पडतो. सकाळी निघायचं ते झुंजूमुंजूला, परतायचं ते रात्र झाल्यावर. कोटाची चेन पोटावर लागेना, म्हणून नवऱ्याचा कोट घालायचा. वाकून बुटाच्या नाड्या बांधणं हे एक कामच. ट्राममध्ये आणि ऑफिसात हीटर इतका की गरोदर बाईचा जीव कासावीस, म्हणून एकावर एक चढवलेले कपडे उतरवायचे, बाहेर पडताना पुन्हा चढवायचे. त्यात दर तासाला लघवीला जायचं, तेही त्या सगळ्या थरांसकट. ती हे सांगताना हसत होती. मीही हसले.

आठ दिवसांनी पुन्हा फोन आला. "मावशी, आईला सांगू नकोस हं." फुटपाथवर काचेसारखा बर्फ असतो, डांबराच्या रंगाचा, दिसतच नाही. त्यावर ती घसरून बसली होती. दवाखान्यात तपासलं, बाळ व्यवस्थित होतं. पण नवरा दुसऱ्या गावी कामाला गेलेला, आणि तिने चार तास तिथे एकटीने काढले. परतताना त्याच फुटपाथवरून चालत आली. "चालायला भीती वाटते गं आता," एवढंच म्हणाली.

मी तिच्या आईला, म्हणजे परळच्या माझ्या धाकट्या बहिणीला, पडल्याचं सांगितलं नाही. शब्द दिला होता. पण तिचं जानेवारीअखेरचं तिकीट मात्र बदलायला लावलं. "ताई, आत्तापासून जाऊन मी करू काय?" हा तिचा प्रश्न. काही करायचं नसतंच. ती गेली, आणि सकाळी लेकीच्या नाड्या बांधू लागली. संध्याकाळी पाचच्या अंधारात घरात दिवा असायचा आणि वरणभात गरम असायचा. रविवारी दोघी मॉलमध्ये फेऱ्या मारायच्या. तिथे हिवाळ्यात म्हातारी माणसंही मॉलमध्येच चालायला येतात म्हणे.

१९७६ साली गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर मी पोटुशी होते, तेव्हा नळाचं पाणी शेजारच्या काकू भरायच्या. जिन्यावर कुणी ना कुणी हात द्यायचं. थंडी म्हणाल तर जानेवारीत चार दिवस स्वेटर काढायचा, इतकीच. आमच्या सोशिकपणाचे दाखले आजच्या मुलींना देण्यात म्हणून काही अर्थ नाही. आम्हाला एकटं असं सोसावंच लागलं नव्हतं.

थंडीला आपण मुंबईकर हलक्यात घेतो, हेही खरं. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला गेल्या तेव्हा तिथल्या थंडीने आणि परक्या अन्नाने त्यांची प्रकृती ढासळत गेली. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, क्षयाने गेल्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं होतं, आणि पदवीच्या प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. 'आनंदी गोपाळ' आपल्याकडे पुष्कळांनी वाचलेली असते. थंडीचा भाग विसरतो.

आणि फोनवरून आपण सल्ले काय देतो? पपई खाऊ नकोस, ग्रहणात बाहेर पडू नकोस. अगं, तिथे ऊनच नाही! आपल्या सावळ्या कातडीला तिथलं हिवाळी ऊन पुरत नाही. इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा गरोदर बायकांना रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते, फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लसही फुकट देते. तिकडचा डॉक्टर लस सांगत असेल तर इथून "कशाला टोचून घेतेस" म्हणू नये. धुरी आणि शेगडीचा हट्टही सोडावा. खिडक्या बंद असलेल्या घरात कोळसा पेटवला तर नुसता धुराचा भोंगाच वाजतो असं नाही, विषारी वायू साठून जीव जाऊ शकतो.

बाळंतपणानंतरची काळजी पुष्कळदा तिथे बरी होते. ओंटारियोत सरकारी खर्चाने प्रशिक्षित सुईण मिळते, पहिल्या आठवड्यात घरी येऊन आई-बाळाला तपासते. कॅनडात पंधरा आठवड्यांचा प्रसूतीभत्ता तारखेच्या बारा आठवडे आधीपासूनही घेता येतो. पण मुली तो बाळासाठी राखून ठेवतात आणि पोट घेऊन बर्फातून कामाला जातात.

अडचणी मला कळतात. आईचे गुडघे दुखतात, बर्फ तिलाही सोडत नाही. इकडे बाबांच्या जेवणाचा प्रश्न असतो. (बाबांनी कुकर लावायला शिकावं. सत्तराव्या वर्षीही येतो.) म्हाताऱ्या माणसाचा विमा महाग पडतो. आधी गेलं तर आधी परतावं लागेल, ही धास्तीही असते. पण डिसेंबरात गेलेल्या माणसाला सहा महिने मिळाले तर बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत राहता येतं, आणि तोवर तिथला बर्फही गेलेला असतो. ज्यांना जाणं शक्यच नाही त्यांनी निदान जावयाशी स्पष्ट बोलावं, की हे तीन महिने बाहेरगावची कामं घेऊ नका. यात संकोच कसला?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंची मुलगी मिनियापोलिसला आहे. तारीख मार्चची, आईंचं तिकीट फेब्रुवारीचं. तारीख बदलायला किती पैसे पडतात ते विचारून ठेवा, असं काल त्यांना सांगून आले आहे.