जुनाट हगवण आणि काचपट्टीवरील लाल जंतू

गाय वैरण खाते, अंगात ताप नाही, शेणात रक्त नाही, तरीही महिनोन्‌महिने तिला पातळ हगवण लागते आणि ती दिवसेंदिवस खंगत जाते. मध्येच हगवण थांबते, व्याल्यावर पुन्हा सुरू होते. पुढे जबड्याखाली सूज उतरते. अशा जनावरावर गावठी उपाय, जंताचे औषध व नंतर सुया असा क्रम चालतो आणि अखेरीस ते बाजारात उभे केले जाते. या साऱ्या खटाटोपात आतड्याचा नमुना रंगवून पाहण्याचे तेवढे राहून जाते.

हा बहुधा जोन्स रोग असतो. जर्मनीत योने व फ्रॉदिंगहॅम यांनी १८९५ साली अशाच एका गाईचे जाड झालेले आतडे रंगवून त्यातील जंतू प्रथम दाखविले. आजही तीच वाट उपयोगी आहे. पशुवैद्य गुदाशयाच्या अस्तराची थोडी खरवड काचपट्टीवर पसरतात. तिच्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग घालून वाफ येईपर्यंत तापवितात व नंतर ती आम्लाने धुतात. इतर सर्वांचा रंग उतरतो. मेणचट आवरणाच्या या जंतूंचा उतरत नाही. मग निळा रंग दिला की निळ्या पेशींत आखूड लाल काड्यांचे झुबके उठून दिसतात. झुबके महत्त्वाचे, कारण सुटी लाल काडी चाऱ्याबरोबर आलेल्या निरुपद्रवी जंतूचीही असू शकते.

जनावर मेले तर ‘आता चिरून काय मिळणार?’ असा प्रश्न हटकून येतो. तो चुकीचा आहे. वासरांना लागण कोवळ्या वयात, शेणाने माखलेल्या सडांतून व दुधातून होते, आणि लक्षणे सहसा दोन वर्षांनंतर दिसतात. म्हणजे गोठ्यातील उरलेल्या जनावरांचा निकाल त्या मेलेल्या आतड्यात असतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा व जवळच्या लसिकाग्रंथीचा एक तुकडा बर्फात, दुसरा पातळ तुकडा दसपट फॉर्मलिनच्या दहा टक्के द्रावणात ठेवावा. फॉर्मलिनमधील तुकडा गोठवू नये. दवाखान्यामार्फत हे नमुने पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठविता येतात.

लाल जंतू न दिसल्यास गाय निर्दोष ठरली, असे मात्र समजू नये. रोगाच्या आरंभी जंतू थोडे असतात व खरवडीत सापडत नाहीत. अशा वेळी काही काळाने पुन्हा नमुना घ्यावा, रक्ताचीही तपासणी करावी.

खरा पेच निदानानंतरचा आहे. या रोगावर खात्रीचा उपचार नाही आणि महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीस बंदी आहे. मालकाला गाय वेगळी बांधून पोसावी लागते. त्यामुळे ‘तपासणीच नको’ असे तो म्हणतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच अनाकलनीय नाही. तथापि न तपासता विकलेली तीच गाय दुसऱ्याच्या गोठ्यात वासरे बाधित करीत राहते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जुनाट हगवणीचे जनावर बाजाराकडे निघण्यापूर्वीच दवाखान्यास कळवावे, आणि तोवर त्याचे शेण वासरांच्या कुरणात पडू देऊ नये.