छातीतली कळ शिळी करू नका



तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, हे आम्ही शेतकी खात्याची माणसे तुम्हाला दर हंगामात सांगतो. ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, उतारा घसरतो. हे आता सर्वांनाच पटले आहे. पण छातीत कळ आली तर आपण काय करतो? ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडा पितो, ओवा चघळतो आणि उजाडायची वाट बघतो. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यावर पोसणारा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. इथे नुसता उतारा घसरत नाही, घरचा कर्ता माणूस जातो.

चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात दवाखान्यांची वाण नाही, पण हृदयाचे तज्ज्ञ मुख्यतः शहरात. खेड-मावळातल्या वाडीवरून निघालेली गाडी पुणे-नाशिक किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर कंपन्यांच्या पाळ्या सुटताना अडकली, की वेळ हातचा जातो. म्हणून रोग्याआधी त्याच्या हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, तज्ज्ञापर्यंत पोचला पाहिजे.

ही कल्पना नवी नाही. १९०५ साली हॉलंडमधील लायडन गावी आइन्टहोव्हेन यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातील रोग्याचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला. आज तेच काम मोबाईलवरून काही मिनिटांत होते. आपण मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो, अख्खे शेत उचलून नेत नाही, तसेच हे.

शेजारच्या गोव्यात डिसेंबर २०१८ मध्ये ‘स्टेमी’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या सरकारी आरोग्य केंद्रांत ईसीजी काढायचा, तो दूरवरच्या तज्ज्ञाने वाचायचा, झटका ठरला तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जागेवरच द्यायचे आणि मग रोग्याला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलवायचे, अशी त्याची रीत. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यानेही याच नावाचा कार्यक्रम हाती घेतला.

तथापि नुसते यंत्र आणून हार घातला म्हणजे काम झाले असे नाही. रात्री दोन वाजता ते लावणारा माणूस हजर आहे का? पलीकडून उत्तर देणारा डॉक्टर बांधील आहे का? इंजेक्शन व रुग्णवाहिका तयार आहे का? यातले एक जरी नसले तरी ते यंत्र कपाटातच शोभेल. आणखी एक ध्यानी ठेवा: पहिला ईसीजी साफ आला म्हणजे धोका टळला असे नव्हे. कळ थांबली नसेल तर तो पुन्हा काढावा लागतो. मधुमेही माणसाला आणि बायांना तर कधी कधी कळ न येता नुसता दम लागतो, घाम फुटतो.

काही मंडळी म्हणतील, ‘कारखान्यानं साखर काढावी, दवाखान्यात कशाला पडावं?’ पण हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या, गाडीवान, वजनकाट्यावर रात्र काढणारे ड्रायव्हर ही आपलीच माणसे. त्यांचे गाव लांब, ओळखीचा डॉक्टर जवळ नाही. असे यंत्र एका ट्रॅक्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. संचालक मंडळाने कार्यक्षेत्रातील आरोग्य केंद्रांशी बोलून वरच्या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत, आणि जिथे ती मिळतील तिथेच यंत्राला मदत द्यावी. सभासदांनी हा विषय वार्षिक सभेत जरूर मांडावा.

तोवर एवढे करा. कळ दंडात, जबड्यात उतरली, घाम सुटला, तर मोटारसायकलवर बसू नका. १०८ ला फोन लावा आणि पहिल्या दवाखान्यात पहिला प्रश्न विचारा, ‘ईसीजी आत्ता निघेल का?’

— ऊस विकास अधिकारी